साताऱ्यातील बिऱ्हाडे आणि भाड्याचा न्याय

अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर पसरलेल्या सातारा शहराचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांनी छत्रपतींच्या गादीचा, पेशव्यांना मिळालेल्या वस्त्रांचा, इंग्रज रेसिडेंटाच्या कारवायांचा आणि बेचाळीसच्या प्रतिसरकारचा वृत्तांत मोठ्या आस्थेने लिहिला. परंतु याच शहराच्या मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा अशा पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या छपराखाली संसार करणाऱ्या माणसांनी त्या छपराचे मोल काय दिले, ते कोणी ठरविले, आणि ते वाढविण्याचा अधिकार कोणाला व कोठवर होता, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष क्वचितच गेले. वास्तविक सामान्य गृहस्थाच्या आयुष्याशी राज्यक्रांतीहूनही अधिक निकटचा असा हा विषय आहे. सरकार बदलले तरी चूल पेटतच राहते, पण घरमालकाची नोटीस आली की ती चूलच उचलावी लागते. म्हणून एका लहान शहराच्या निमित्ताने घरभाड्याची कथा थोडी सविस्तर सांगावी असे मला वाटते. ती सांगताना मालक आणि भाडेकरू यांपैकी एकाचीच बाजू घेणे मला साधणार नाही, कारण या कथेत दोघांचेही नुकसान झालेले आहे.

शाहू महाराजांनी १७०८ साली साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला आणि गडाखाली शहर वाढू लागले. मराठी अमदानीत नवी पेठ वसवावयाची तर सरकारातून कौल मिळे. नव्याने येऊन घर बांधणाऱ्या उदम्याला काही वर्षे पट्टीची माफी असे, आणि पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे सोपविलेली असे. अशा काळात राजधानीच्या गावी माणसे येऊन राहावीत हीच सरकारची निकड होती. दरबाराशी संबंध असलेले कारकून, शागीर्द, आश्रित नातलग हे धन्याच्या वाड्यातच एखाद्या चौकात राहत, आणि त्यांच्या निवाऱ्याचे मोल चाकरीतच जिरून जाई. रोख पैसा घेऊन खोली देण्याची चाल नव्हतीच असे नव्हे. पण भाड्यावर उपजीविका करणारा असा वेगळा वर्ग निर्माण होण्याइतकी ती मोठी नव्हती.

१८४८ साली डलहौसीने राज्य खालसा केले, आणि या व्यवस्थेचा पायाच निखळला. वाडे पोसणारी आमदनी आटली, वाडे मात्र उभे राहिले. दोन-दोन चौकांच्या, शिसवी खांबांच्या त्या वास्तूंत आता चार-सहा माणसांचे कुटुंब राहू लागले, आणि वर्षाला कौले चाळण्याचा खर्चही त्याला जड होऊ लागला. त्याच सुमारास शहरात दुसऱ्या प्रकारची माणसे येऊ लागली होती. कलेक्टरची कचेरी, जिल्हा न्यायालय, १८५३ साली स्थापन झालेली नगरपालिका, इंग्रजी शाळा, पुढे पोस्ट आणि तारखाते यांच्या निमित्ताने बदलीवर येणारा पगारदार मनुष्य हा साताऱ्याचा नवा रहिवासी झाला. त्याला घर बांधावयाचे नव्हते, कारण तीन वर्षांनी त्याची बदली व्हावयाची होती. आणि वाड्याच्या धन्याला चौक विकावयाचा नव्हता, कारण त्यात पूर्वजांची अब्रू गुंतलेली होती. या दोन अडचणींच्या संगमावर बिऱ्हाडकरू नावाचा वर्ग जन्माला आला.

बिऱ्हाडाचे मोजमाप खणांवर होई. दोन लाकडी खांबांमधील जागा म्हणजे एक खण. माडीवरची दोन खणांची खोली, सोप्याला लागून तीन खण व स्वयंपाकाला पडवी, अशा भाषेत जागा सांगितली जाई आणि भाडेही त्याच हिशेबाने ठरे. परंतु नुसत्या खणांनी भाडे ठरत नसे. साताऱ्यात घरोघरी हौद असत, आणि डोंगरातून खापरी नळांनी आणलेले पाणी ज्या वाड्याच्या हौदात पडे, त्या वाड्यातील बिऱ्हाडाला चार आणे अधिक पडले तरी गृहिणी कुरकुरत नसे. माडीचा जिना चौकातून आहे की बाहेरून, संडास मागील परसात आहे की दोन वाड्यांच्या बोळात, रस्त्याकडे खिडकी आहे की नाही, सोवळ्याओवळ्याला स्वतंत्र मोरी आहे की नाही, या गोष्टींनी भाव वर-खाली होई. गल्लीगल्लीत एक चालता भाव असे, तो कोणी कागदावर लिहिलेला नसे, आणि तरी नव्या मास्तरला शाळेतल्या शिपायाकडून पहिल्याच दिवशी तो समजे. पुढे धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी करून तिचे भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध केले, तसा शास्त्रशुद्ध गणनेचा प्रयत्न लहान शहरांच्या वाट्याला फारसा आला नाही. तेथे सरासरी म्हणजे हा गल्लीतला चालता भावच.

व्यवहाराचा कागद म्हणजे भाडेचिठ्ठी. तिच्यात चतुःसीमा, खणांची संख्या, दरमहाचा आकार, आणि 'आपणास लागेल तेव्हा जागा बिनतक्रार खाली करून देईन' ही अट असे. महिना कोणता धरावयाचा, हेही तिच्यात लिहावे लागे; कारण मराठी महिना धरला तर भाडे शुद्ध प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचे होई आणि अधिक मास आला की त्या वर्षी तेराव्या भाड्याचा प्रश्न उभा राही, तर पगार इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तारखेस मिळणाऱ्या कारकुनाला हा हिशेब पचत नसे. हळूहळू पगारदार बिऱ्हाडांची भाडी इंग्रजी महिन्यावर गेली, व्यापाऱ्यांची आणि जुन्या कुळांची मराठी महिन्यावर राहिली.

याच भाडेचिठ्ठीचे एक दुःखद रूप मला विशेष उल्लेखनीय वाटते. मुलीच्या लग्नाला किंवा जुने देणे वारण्याला वाडा सावकाराकडे ताबेगहाण पडे. पण मालकाला जाण्यास दुसरे ठिकाण नसे, म्हणून ज्या दिवशी तो गहाणखत लिहून देई, त्याच दिवशी त्याच वाड्याची भाडेचिठ्ठीही सावकाराच्या नावे लिहून देई. कर्जावरचे व्याज हेच भाडे. आजोबांनी बांधलेल्या माजघरात नातू भाडेकरू म्हणून राही, आणि दोन वर्षांचे भाडे थकले की सावकाराची फिर्याद व्याजाची नसून भाड्याची व ताब्याची होई. शेतकऱ्यांसाठी १८७९ साली झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन खरा व्यवहार पाहण्याची मुभा दिली. शहरातील बुडत्या गृहस्थाला असे संरक्षण बहुधा लाभले नाही. घरभाड्याच्या न्याय्यतेचा विचार करताना मालक म्हणजे श्रीमंत आणि भाडेकरू म्हणजे गरीब ही जोडी आपण गृहीत धरतो. साताऱ्याच्या पेठांत ती जोडी कितीदा उलटी होती, हे या कागदांवरून कळते.

कायदा भाडेकरूच्या बाजूने जवळजवळ काहीच बोलत नव्हता. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात १८९३ पासून लागू झाला, आणि त्याप्रमाणे महिन्याच्या कराराने राहणाऱ्याला महिनाअखेर संपणारी पंधरा दिवसांची नोटीस दिली की मालकाचे काम झाले. भाडेवाढीला मर्यादा नव्हती. वाढ मान्य नसेल तर जागा सोडावी, एवढाच उपाय. तरीसुद्धा त्या काळच्या लहान शहरात भाडी बेताल वाढली नाहीत, याचे कारण मालकांच्या थोर मनात शोधण्यापेक्षा रिकाम्या चौकांत शोधावे असे माझे मत आहे. वाडे पुष्कळ होते, बिऱ्हाडे त्या मानाने बेताची होती, आणि ज्या घरात संध्याकाळी दिवा लागत नाही ते घर पडते, ही समजूत पक्की होती. शतकाच्या अखेरीस प्लेग आला तेव्हा तर माणसे भरली घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहू लागली, आणि परत येऊन घर राखणारा भाडेकरू हा मालकाला उपकारकर्ता वाटू लागला. अशा परिस्थितीत रुपया-आठ आण्यांची वाढ नवे बिऱ्हाड येताना होई, जुन्या बिऱ्हाडावर सहसा होत नसे.

परंतु ही सौम्यता सर्वांसाठी नव्हती, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाडे किती हा प्रश्न ज्याला दार उघडले जाते त्याच्यापुरताच असतो. याच साताऱ्यात, पुढे डॉ. आंबेडकर म्हणून ओळखल्या गेलेल्या, बाळ भीमरावाचे कुटुंब राहत होते, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचे नाव येथील इंग्रजी शाळेच्या पटावर दाखल झाले. तोच मुलगा पुढे परदेशातील विद्यापीठाची विद्या संपादून १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेला, तेव्हा पैसे देण्यास तयार असूनही त्याला राहण्यास जागा मिळेना, आणि ज्या पारशी वसतिगृहात त्याने आश्रय घेतला तेथूनही त्याला लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकून लावले. साताऱ्याच्या पेठांतील चौक कोणाला मिळत आणि कोणाला मिळत नसत, याची यादी कोणी लिहून ठेवली नाही. पण वस्त्यांची रचनाच ती यादी होती. पुढे जे भाडेनियंत्रणाचे कायदे झाले, त्यांनी आत असलेल्याला संरक्षण दिले. दाराबाहेर उभ्या असलेल्याला दार उघडून देणारे त्यांत काही नव्हते.

भाड्यावर सरकारी नियंत्रण प्रथम आले ते पहिल्या महायुद्धामुळे. १९१८ च्या मुंबई कायद्याने १ जानेवारी १९१६ रोजीचे भाडे हे प्रमाण मानले. पण तो मुख्यतः मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरांच्या गरजेतून झालेला होता, आणि १९२० चे दशक संपण्यापूर्वी त्याचा अंमलही संपला. सातारकरांच्या आयुष्यात खरा फरक पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या कायद्याने स्वीकारलेली १ सप्टेंबर १९४० ही तारीख १९४७ च्या सत्तावन्नाव्या मुंबई कायद्याने कायम केली. त्या दिवशी जे भाडे होते ते प्रमाण भाडे. त्या दिवशी जागा भाड्याने नसेल तर त्यापूर्वीचे शेवटचे किंवा त्यानंतरचे पहिले. आणि तेही अवाजवी वाटल्यास न्यायालय ठरवील ते. नगरपालिकेच्या करात झालेली वाढ आणि सुधारणांचा खर्च यांपुरतीच भर घालण्याची परवानगी होती. प्रमाण भाडे आणि ही अनुज्ञेय वाढ देण्यास भाडेकरू तयार व राजी असेल, तोवर त्याला उठविता येत नसे. पागडी घेणे गुन्हा ठरले, पावती देणे मालकावर बंधनकारक झाले, पाणी व दिवाबत्ती तोडण्यास मनाई झाली. युद्धाच्या महागाईत भाडेकरूंची जी लूट मोठ्या शहरांत चालली होती, ती पाहता हा कायदा योग्य होता, आवश्यक होता, आणि त्याने लक्षावधी कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचविले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तो अमलात आला १३ फेब्रुवारी १९४८ रोजी. सातारा जिल्ह्याच्या इतिहासात ही तारीख आणखी एका कारणाने लक्षात राहण्यासारखी आहे. त्याच्या दोनच आठवडे आधी दिल्लीस महात्माजींची हत्या झाली होती, आणि तिच्या पाठोपाठ सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली होती. खेड्यांतील घर गमावलेली कुटुंबे जवळच्या शहरांत आली, नातलगांच्या वाड्यांत राहिली, आणि बिऱ्हाडकरू झाली. काल ज्याचा स्वतःचा वाडा होता तो आज दोन खणांत आला, आणि नव्या कायद्याचे छत्र त्याच्याही डोक्यावर आले. पुढे त्याच १९४८ सालचा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी गावाकडच्या जमिनीचा खंड बंद झाला. शहरातील वाड्याचा जो धनी आजवर खंडाच्या धान्यावर जगत होता आणि भाड्याला किरकोळ प्राप्ती समजत होता, त्याची उपजीविका आता भाड्यावर आली. आणि नेमके भाडे १९४० सालापाशी थांबलेले होते. जमीन कसणाऱ्याला मिळाली हे न्याय्यच झाले. परंतु त्यामुळे पेठेतल्या अनेक विधवांच्या आणि वृद्धांच्या हाती चार बिऱ्हाडांचे मिळून एका शिपायाच्या पगाराइतकेही उत्पन्न राहिले नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

दुसऱ्या बाजूला राहणारे कोण होते? रयत शिक्षण संस्थेच्या शाळांतील शिक्षक, कोर्टातील बेलिफ आणि नकलनवीस, एस. टी.चे वाहक, पोस्टमन, खेड्यातून शिक्षणासाठी आलेली आणि हाताने स्वयंपाक करणारी मुले. यांपैकी कोणीही मालकाला लुबाडण्यासाठी आलेला नव्हता. भाडे वीस रुपयांच्या आत असल्याने पावतीला एक आण्याचे तिकीटही लावावे लागत नसे; वहीतून फाडलेल्या चतकोर कागदावर मालकीणबाई सही करीत, आणि तो कागद भाडेकरू पत्र्याच्या पेटीत जपून ठेवी, कारण उद्या थकबाकीचा दावा झाला तर तोच त्याचा आधार. संबंध बिघडले की पावती बंद होई. मग भाडे मनीऑर्डरने पाठविले जाई, मालक ते नाकारी, आणि 'घेण्यास नकार' असा पोस्टाचा शेरा पडलेले फॉर्म त्याच पेटीत जमा होत. एकाच चौकात, एकाच हौदावर पाणी भरणारी दोन घरे पोस्टखात्यामार्फत बोलू लागत.

या काळात वाड्यांचे काय झाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. साताऱ्याचा पाऊस सह्याद्रीच्या कुशीतला. दरवर्षी वैशाखात कौले चाळावी लागतात. फुटकी काढून नवी घालावी लागतात, वाशांना वाळवी लागली असल्यास ते बदलावे लागतात. हे एक वर्ष चुकले तर आढ्यालगत ओल उतरते. दोन वर्षे चुकले तर ते पाणी पांढऱ्या मातीच्या भिंतीत मुरते, आणि भिंतीत रुतलेले तुळईचे टोक, जे कोणाला दिसत नाही, ते आतून कुजू लागते. खालचा दगडी जोता शतकानुशतके हलत नाही, वरचा कोरीव खांब जसाच्या तसा राहतो, पण तुळईचे ते वीतभर टोक गेले की माडी एका बाजूला कलते. अशी माडी टेकू देऊन सांभाळावयाची तर गवंडी, सुतार आणि सागवान लागते. त्या तिन्हींचे भाव चालू सालाचे असतात आणि भाडे १९४० चे असते. कायद्याने जागा राहण्याजोगी ठेवण्याचे कर्तव्य मालकावर घातलेले होते, आणि त्याने ते न केल्यास भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा अशी सोयही ठेवली होती. परंतु दरमहा सात-आठ रुपयांच्या भाड्यातून वळता करून करून माणूस किती कौले बदलणार? मालक म्हणे, भाड्यात परवडत नाही. भाडेकरू म्हणे, वास्तू माझी नाही. आणि त्या दोघांच्या खऱ्या बोलण्यामध्ये वाडा खचत जाई. माझ्या समजुतीप्रमाणे भाडेनियंत्रणाच्या इतिहासातील मुख्य दोष येथे आहे. भाड्याला मर्यादा घातली यात चूक नव्हती. ती मर्यादा एका तारखेशी बांधली आणि तारीख कधी पुढे सरकू दिली नाही, यात चूक झाली. भाडे म्हणजे केवळ मालकाचा नफा नव्हे, त्यात घराच्या आयुष्याचा खर्चही आहे, हे विधिमंडळाच्या लक्षात राहिले नाही.

खुद्द नगरपालिकेलाही हे भोवले. घरपट्टीची आकारणी घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर, दुरुस्तीसाठी दशांश वजा करून, होत असे. आणि ज्या घराला भाडेनियंत्रण लागू आहे त्याचे भाडेमूल्य प्रमाण भाड्याहून अधिक धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुंटूर आणि दिवाण दौलतराय कपूर यांच्या प्रकरणांत सांगितले. परिणामी पेठांतील जुन्या वाड्यांची पट्टी गोठली. गटार, दिवे आणि पाणी यांचा वाढता भार नव्या वस्तीवर व सरकारी अनुदानावर गेला.

दाव्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मालकाला स्वतःसाठी जागा खरोखर व वाजवी कारणाने हवी असेल तर ताबा मिळू शके, पण तेथेही अधिक हलाखी कोणाची होईल हे न्यायाधीशाने तोलावे असे कलम होते. हे कलम माणुसकीचे आहे. परंतु मालकाचा मुलगा लग्नाचा झाला म्हणून घातलेला दावा, अपील आणि पुनरीक्षण होता होता, त्या मुलाचा मुलगा लग्नाचा होईपर्यंत चाले, आणि भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याजवळ राहणारा कुटुंबीय भाडेकरू म्हणून उभा राही. ज्यांच्याकडे सोडण्यासारखी जागा होती ते मालक धडा शिकले. 'भाड्याने द्यावयाचे नाही, परवान्याने द्यावयाचे', अशी पळवाट निघाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला, तेव्हा त्या दारांनाही कुलपे लागली. लहान शहरात जागेची टंचाई असताना माडीवर वटवाघळे राहू लागली, याचा दोष त्या घाबरलेल्या माणसांना देणे मला जमत नाही.

विदर्भात आणि मराठवाड्यात निराळे कायदे होते. पूर्वीच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४९ च्या आदेशाप्रमाणे भाडेकरूला नोटीस देण्यापूर्वीच भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे, आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा चाले. एकाच राज्यात साताऱ्याच्या, अमरावतीच्या आणि परभणीच्या भाडेकरूंचे हक्क तीन वेगळ्या राजवटींच्या वारशाने ठरत होते.

१९४७ चा कायदा मूळचा अल्पमुदतीचा. वेळोवेळी मुदतवाढ मिळून तो अर्धशतक चालला. अखेर मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये निर्णय दिला, की जी तरतूद प्रारंभी वाजवी होती ती काळाच्या ओघात अवाजवी होऊ शकते, आणि १९४० च्या पातळीवर भाडी गोठविणे आता तसे झाले आहे. कायद्याची मुदत लवकरच संपत असल्याने न्यायालयाने तो रद्द करण्याचे टाळले आणि नवा न्याय्य कायदा होईल अशी अपेक्षा ठेवली. त्यातून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून तिन्ही विभागांना एकत्र लागू झाला. पूर्वी न्यायालयाने ठरविलेल्या प्रमाण भाड्यावर पाच टक्के भर, एरवी १ ऑक्टोबर १९८७ चे भाडे, आणि त्यापुढे दरसाल चार टक्के वाढ, असा त्याचा हिशेब आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले, हे उचित झाले. बँकेच्या शाखेला विधवेच्या भाड्यावर पोसण्याचे काही कारण नव्हते.

परंतु चार टक्क्यांचा हिशेब करून पाहावा. समजा १९४० साली दहा रुपयांना दिलेल्या खोलीचे प्रमाण भाडे न्यायालयाने तेवढेच ठरविले होते. पाच टक्के मिळवून ते साडेदहा झाले. त्यावर वीस वर्षे चार टक्के चक्रवाढीने वाढ धरली, तरी ते सुमारे तेवीस रुपयांवर पोहोचते. आणि तेवीस रुपयांत आज एका कौलाचीही धड किंमत निघत नाही. टक्केवारी न्याय्य असली तरी ज्या रकमेवर ती चालते ती रक्कम न्याय्य नसेल, तर न्याय घडत नाही. उलट, ज्या जागेचे भाडे १९८७ च्या सुमारास खुल्या बाजारात ठरले होते, तिच्या बाबतीत हीच चार टक्क्यांची वाढ दोघांनाही साधारण सोसते. म्हणजे एकाच कायद्याखाली, एकाच गल्लीत, प्रारंभीची तारीख कोणती यावर न्याय अवलंबून राहिला.

आता वाडे पडून त्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि नवे बिऱ्हाड बहुतेक ठिकाणी परवाना कराराने दिले जाते. मुदत अकरा महिन्यांची. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याचीच नोंदणी सक्तीची होती तेव्हा ही मुदत रूढ झाली, आणि आता करार लेखी व नोंदणीकृत असणे मालकाचीच जबाबदारी असतानाही ती टिकून आहे. मुदत संपली की परवानाधारकाचा हक्क संपतो, आणि भाडेवाढ कराराप्रमाणे, बहुधा पाच ते दहा टक्के. दहा टक्क्यांनी भाडे आठव्या वर्षी दुपटीच्या पुढे जाते. चार टक्क्यांनी त्याला अठरा वर्षे लागतात. दुसरीकडे शिक्षकाचा किंवा कारकुनाचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला असतो, आणि लहान गावासाठी मिळणारा त्याचा घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या दशांशाच्या आसपास, म्हणजे सर्वांत खालच्या दराचा असतो. ज्या निर्देशांकाने सरकार त्याचा पगार वाढविते, त्याच निर्देशांकाने त्याचे भाडे वाढावे, आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवून त्याचा वाटा काही वर्षांत विभागून घ्यावा, एवढी साधी गोष्ट आपल्या करारांत अद्याप क्वचितच लिहिली जाते. त्यांत पाळीव प्राणी, भिंतीला खिळे आणि रंगकामाचा खर्च यांवर सविस्तर कलमे असतात. छत गळले तर ते कोणी, किती दिवसांत बुजवावयाचे याला बहुधा एक ओळ.

वाडा पाडताना जुन्या भाडेकरूला त्याच्या खणांच्या मोबदल्यात नव्या इमारतीत मालकीची सदनिका देण्याची प्रथा पडली आहे. पेठांतील अशा काही सदनिकांचे मालक आज पुण्या-मुंबईला नोकरीला असतात आणि आजोबांच्या दोन खणांतून आलेली ती सदनिका बदलीवर आलेल्या एखाद्या अभियंत्याला किंवा परगावच्या विद्यार्थिनींना अकरा महिन्यांच्या कराराने देतात. आजोबांनी मनीऑर्डरीचे फॉर्म ज्या पेटीत जपले, ती पेटी बहुधा त्याच घराच्या माळ्यावर असते. आणि नव्या राहणाऱ्याला दरवर्षी किती वाढ सांगावी, याचा विचार आता त्यांना करावा लागतो.